हिमेजी किल्ला

हिमेजी किल्ला (जपानी: हिमेजी-जो) हा जपानच्या ह्योगो प्रांतातील हिमेजी शहरात असलेला ऐतिहासिक किल्ला आहे. लाकडी सांगाडा, दगडी जोते आणि पांढऱ्या चुन्याचा गिलावा असलेल्या जपानी दुर्गस्थापत्याचा हा सर्वांत सुस्थितीत टिकलेला नमुना मानला जातो. सध्या दिसणारे त्याचे प्रमुख बांधकाम इ.स. १६०१ ते १६०९ या काळात इकेदा तेरुमासा या सरदाराने करवून घेतले. ११ डिसेंबर १९९३ रोजी युनेस्कोने या किल्ल्याचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. जपानमधून या यादीत प्रथमच दाखल झालेल्या चार स्थळांपैकी हे एक होते.

जपानमधील बहुतेक किल्ल्यांचे मनोरे आग, भूकंप, मेइजी काळातील पाडकाम किंवा दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेक यांत नष्ट झाले. आज दिसणारे अनेक मनोरे विसाव्या शतकात सिमेंट-काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेले आहेत. एदो काळापासून किंवा त्याआधीपासून उभे असलेले मूळ मनोरे देशभरात केवळ १२ आहेत. त्यांपैकी हिमेजी, मात्सुमोतो, इनुयामा, हिकोने आणि मात्सुए या पाच मनोऱ्यांना ‘राष्ट्रीय संपदा’ हा सर्वोच्च दर्जा आहे.

## नाव

किल्ला ज्या टेकडीवर आहे तिचे नाव हिमेयामा. शहराचे व किल्ल्याचे नाव याच नावाशी निगडित आहे. किल्ल्याला ‘शिरासागी-जो’ किंवा ‘हाकुरो-जो’ असेही म्हणतात. एकाच चित्रलिपीची ही दोन वाचने असून दोन्हींचा अर्थ ‘पांढऱ्या बगळ्याचा किल्ला’ असा होतो. शुभ्र भिंती आणि एकावर एक पसरलेली छपरे यांमुळे हा किल्ला पंख पसरून उडू पाहणाऱ्या बगळ्यासारखा भासतो, असे या नावाचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

## स्थान

हिमेजी शहर होन्शू बेटाच्या पश्चिम भागात, कोबे शहराच्या पश्चिमेस आहे. हा प्रदेश पूर्वी हारिमा प्रांत म्हणून ओळखला जाई. क्योतो व ओसाका येथून पश्चिमेकडील प्रांतांत जाणारा सान्यो मार्ग येथून जात असल्यामुळे या ठिकाणाला मोठे लष्करी महत्त्व होते. हिमेयामा टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ४५ मीटर उंच आहे. तिच्यावर दगडी जोत्यासह सुमारे ४६ मीटर उंचीचा मुख्य मनोरा असल्याने त्याचे शिखर समुद्रसपाटीपासून ९२ मीटरच्या आसपास पोहोचते. मैदानी शहराच्या मधोमध असलेला हा मनोरा रेल्वे स्थानकातूनही स्पष्ट दिसतो.

## इतिहास

### आरंभीचा काळ

परंपरेनुसार इ.स. १३३३ मध्ये आकामात्सु नोरिमुरा याने हिमेयामावर गढी बांधली आणि १३४६ मध्ये त्याचा मुलगा सादानोरी याने तिचा विस्तार केला. मात्र खऱ्या अर्थाने किल्ला म्हणता येईल असे बांधकाम सोळाव्या शतकाच्या मध्यास कुरोदा घराण्याच्या काळात झाले, असेही काही अभ्यासक मानतात. तोयोतोमी हिदेयोशीचा सल्लागार म्हणून पुढे प्रसिद्ध झालेला कुरोदा योशिताका ऊर्फ कानबेइ याचा जन्म १५४६ मध्ये हिमेजी येथेच झाला.

१५८० मध्ये कुरोदा कानबेइने हा किल्ला हिदेयोशीच्या स्वाधीन केला. हिदेयोशी त्या वेळी ओदा नोबुनागाचा सेनापती म्हणून पश्चिमेकडील मोरी घराण्याविरुद्ध मोहीम चालवत होता. त्याने येथे तीन मजली मनोरा बांधला. जून १५८२ मध्ये क्योतो येथे नोबुनागाचा घात झाला. ही वार्ता समजताच हिदेयोशीने मोरींशी तह केला आणि सैन्यासह वेगाने परतीची वाट धरली. या कूचमध्ये हिमेजी हा त्याचा महत्त्वाचा मुक्काम होता. त्यानंतर झालेल्या यामाझाकीच्या लढाईतील विजयाने त्याचा सत्तेकडे जाणारा मार्ग मोकळा झाला.

### इकेदा तेरुमासा आणि नवा किल्ला

१६०० मधील सेकिगाहाराच्या लढाईनंतर सत्ता तोकुगावा इएयासूकडे आली. त्याने आपला जावई इकेदा तेरुमासा याला हारिमा प्रांत दिला. या जहागिरीचे उत्पन्न ५,२०,००० कोकु होते. कोकु हे तांदूळ मोजण्याचे माप असून एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, असा ढोबळ हिशेब असे. ओसाका येथे अजून तोयोतोमी घराणे होते आणि पश्चिमेकडील अनेक सरदारांच्या निष्ठेविषयी इएयासूला खात्री नव्हती. या दोहोंच्या मध्ये भक्कम ठाणे असणे त्याला आवश्यक होते. तेरुमासाने जुना मनोरा उतरवून १६०१ मध्ये नव्या किल्ल्याचे काम सुरू केले. ते १६०९ मध्ये पूर्ण झाले.

### होन्दा घराणे आणि सेनहिमे

१६१७ मध्ये हिमेजी होन्दा तादामासा याच्याकडे आला. त्याचा मुलगा तादातोकी याचा विवाह इएयासूची नात सेनहिमे हिच्याशी झाला होता. सेनहिमेचा पहिला विवाह बालपणीच हिदेयोशीचा मुलगा हिदेयोरी याच्याशी झाला होता. १६१५ मध्ये तिच्याच आजोबांच्या सैन्याने ओसाका किल्ला जिंकला, तेव्हा हिदेयोरीने आत्महत्या केली आणि सेनहिमेला किल्ल्याबाहेर काढण्यात आले. दुसऱ्या विवाहानंतर ती हिमेजीत राहू लागली. किल्ल्याच्या पश्चिम भागातील ‘निशी-नो-मारु’ या आवाराची बांधणी होन्दांच्या काळातील असून तेथील ‘केशो यागुरा’ अर्थात शृंगार-मनोरा सेनहिमेच्या नावाशी जोडलेला आहे. १६२६ मध्ये तादातोकीचा मृत्यू झाल्यावर ती एदोला परतली आणि तिने संन्यास घेतला.

यानंतर किल्ला मात्सुदाइरा, साकाकिबारा इत्यादी घराण्यांकडे आळीपाळीने गेला. १७४९ पासून मेइजी काळापर्यंत तो साकाई घराण्याकडे होता. प्रसिद्ध चित्रकार साकाई होइत्सु याच घराण्यातील होता.

### मेइजी काळ: पाडकामापासून बचाव

१८६८ च्या सत्तांतरात साकाई घराणे शोगुनच्या बाजूस होते. शाही पक्षाच्या फौजा किल्ल्यासमोर आल्या, परंतु किल्ला लढाईविना स्वाधीन करण्यात आला. त्यामुळे सध्याच्या स्वरूपातील किल्ल्यावर मोठी लढाई कधीच झाली नाही.

किल्ल्याला खरा धोका शांततेच्या काळातच निर्माण झाला. १८७१ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या आणि किल्ले निरुपयोगी ठरले. १८७३ च्या सरकारी आदेशानंतर देशभरातील अनेक किल्ल्यांच्या इमारती विकल्या किंवा पाडल्या गेल्या. हिमेजी किल्ल्याचाही लिलाव झाला आणि एका स्थानिक रहिवाशाने तो २३ येन ५० सेन इतक्या किमतीला घेतला, परंतु पाडकामाचा खर्च परवडणारा नसल्याने बेत सोडून दिला, असे सांगितले जाते. पुढे येथे लष्कराची छावणी आली आणि आवारातील अनेक वाडे पाडून बराकी उभारण्यात आल्या. १८७८ मध्ये कर्नल नाकामुरा शिगेतो या लष्करी अधिकाऱ्याने नागोया व हिमेजी हे दोन किल्ले त्यांच्या स्थापत्यमूल्यासाठी जतन करावेत, असा अर्ज वरिष्ठांकडे केला. १८७९ मध्ये त्यास अनुकूल निर्णय झाला. नाकामुराच्या स्मरणार्थ उभारलेला शिलालेख किल्ल्याच्या आवारात आहे. १९१०-११ मध्ये मनोऱ्याची मोठी डागडुजी झाली आणि १९१२ मध्ये परिसर उद्यान म्हणून लोकांसाठी खुला झाला.

### दुसरे महायुद्ध

युद्धकाळात हवाई हल्ल्यांच्या भीतीने पांढऱ्या भिंती काळ्या जाळ्यांनी झाकण्यात आल्या होत्या. २२ जून १९४५ रोजी शहरातील विमान कारखान्यावर आणि ३ जुलैच्या रात्री शहरावर अमेरिकी विमानांनी हल्ले केले. दुसऱ्या हल्ल्यात किल्ल्याभोवतीच्या वस्तीचा मोठा भाग जळून गेला. मुख्य मनोऱ्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एक आगलावा बाँब पडला, परंतु तो पेटला नाही. याच युद्धात नागोया, ओकायामा आणि हिरोशिमा येथील मनोरे नष्ट झाले.

## स्थापत्य

### मनोरे

जपानी किल्ल्याच्या मुख्य मनोऱ्यास ‘तेन्शु’ म्हणतात. महाराष्ट्रातील गडांच्या परिभाषेत सांगायचे तर तो बालेकिल्ल्याच्या जागी असतो. मात्र तो अनेक मजल्यांची एकच उंच इमारत असतो. हिमेजीचा मुख्य मनोरा बाहेरून पाच मजली दिसतो. प्रत्यक्षात आत सहा मजले आणि एक तळघर आहे. त्याच्या जोडीला पूर्व, पश्चिम आणि वायव्य असे तीन लहान मनोरे असून चारही मनोरे बंदिस्त मार्गिकांनी एकमेकांना जोडलेले आहेत. मधोमध त्यामुळे एक चौक तयार होतो. एका मनोऱ्यावर हल्ला झाल्यास इतर मनोऱ्यांतून शत्रूवर मारा करता येई. हे चार मनोरे आणि चार मार्गिका अशा एकूण आठ इमारती राष्ट्रीय संपदा आहेत. याशिवाय दरवाजे, बुरूज व भिंती मिळून ७४ बांधकामांना ‘महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता’ हा दर्जा आहे.

मुख्य मनोऱ्याचा भार प्रामुख्याने पूर्व व पश्चिम अशा दोन महास्तंभांवर आहे. सुमारे २४.६ मीटर उंचीचे हे स्तंभ तळघरापासून सहाव्या मजल्याच्या तळापर्यंत जातात. मनोऱ्याचे एकूण वजन सुमारे ५,७०० टन असल्याचे सांगितले जाते. खालच्या मजल्यांच्या भिंतींवर भाले व बंदुका टांगण्याच्या खुंट्या आहेत. तिसऱ्या व चौथ्या मजल्यांवर उंच खिडक्यांपर्यंत पोहोचण्यासाठी ओटे असून कोपऱ्यांत सैनिक दबा धरून बसतील अशा लहान खोल्या आहेत. सर्वांत वरच्या मजल्यावर ओसाकाबे देवतेचे छोटे देवस्थान आहे. सरदाराचे कुटुंब मनोऱ्यात राहत नसे. निवासाचे वाडे खालच्या आवारांत होते आणि ते आज शिल्लक नाहीत.

### पांढरा गिलावा

भिंती, छपरांच्या वळचणी आणि कौलांचे सांधे यांवर ‘शिक्कुइ’ नावाचा चुन्याचा गिलावा आहे. चुना, शिंपल्यांची भुकटी, तागासारख्या वनस्पतीचे धागे आणि समुद्री शेवाळापासून काढलेला डिंक यांच्या मिश्रणातून तो तयार होतो. त्यामागे सौंदर्यदृष्टीप्रमाणेच संरक्षणाचाही विचार होता. लाकडी इमारतीला सर्वाधिक भय आगीचे असते आणि चुन्याचा जाड थर लाकडाला आगीपासून व ठिणग्यांपासून वाचवतो. छपराच्या टोकांवर बसवलेले ‘शाचिहोको’ हे माशासारखे काल्पनिक प्राणीही आगीपासून रक्षण करतात, अशी समजूत होती.

### संरक्षणव्यवस्था

- खंदक: किल्ल्याभोवती आतला, मधला आणि बाहेरचा असे तीन खंदक चक्राकार पद्धतीने खोदलेले होते. केवळ सरदाराचे निवासस्थानच नव्हे, तर सामुराईंची घरे आणि व्यापारी पेठाही त्यांच्या आत येत. बाहेरच्या खंदकाचा बराच भाग आता बुजलेला आहे.
- वळणांचा मार्ग: हिशी दरवाजापासून मुख्य मनोरा सरळ रेषेत सुमारे १३० मीटरवर आहे, परंतु प्रत्यक्ष चालावे लागणारे अंतर सुमारे ३२५ मीटर आहे. वाट वारंवार वळते, अरुंद होते आणि काही ठिकाणी मनोऱ्यापासून दूर गेल्यासारखी वाटते. या वळणांवर शत्रूची गती मंदावून तो तिन्ही बाजूंनी माऱ्याच्या टप्प्यात येई.
- दरवाजे: पूर्वीच्या ८४ दरवाजांपैकी २१ शिल्लक आहेत. अनेक दरवाजांना ‘इ’, ‘रो’, ‘हा’, ‘नि’, ‘हो’ अशी जुन्या जपानी वर्णक्रमातील अक्षरांची नावे आहेत. आपल्याकडील क, ख, ग यांसारखाच हा क्रम होय. आतले दरवाजे मुद्दाम बुटके व अरुंद ठेवलेले आहेत.
- जंग्या: भिंतींत वर्तुळाकार, त्रिकोणी, चौकोनी आणि उभट आयताकार अशा सुमारे एक हजार जंग्या आहेत. उभट जंग्या बाण सोडण्यासाठी, तर इतर बंदुकांसाठी असत. या छिद्रांना ‘सामा’ म्हणतात. त्यांचे तोंड आतल्या बाजूस रुंद व बाहेर अरुंद असते.
- दगड टाकण्याच्या खिडक्या: मनोऱ्याच्या कोपऱ्यांवर पुढे आलेल्या भागांतून तटाला भिडलेल्या शत्रूवर दगड टाकता येत.
- दगडी तट: जोत्याचा उतार खाली सौम्य आणि वर जवळजवळ उभा होत जातो. उघडलेल्या पंख्याच्या कडेसारखी ही वक्ररेषा चढाई अवघड करते आणि वजनही जमिनीवर नीट पसरवते.

तटांसाठी दगडांची टंचाई भासल्याने जुन्या थडग्यांचे दगड, दगडी दिव्यांचे भाग आणि प्राचीन दगडी शवपेट्याही वापरण्यात आल्या. बिझेन दरवाजाजवळ अशी शवपेटी तटात बसवलेली दिसते. कौलांवर निरनिराळ्या घराण्यांची चिन्हे आढळतात. त्यांतील फुलपाखरू हे इकेदा घराण्याचे चिन्ह होय.

## जतन व जीर्णोद्धार

१९३४ मधील अतिवृष्टीत पश्चिम आवारातील एक बुरूज व तट कोसळला. त्यातून ‘शोवा जीर्णोद्धार’ या दीर्घ कामास सुरुवात झाली. युद्धामुळे ते थांबले आणि १९५० मध्ये पुन्हा सुरू झाले. १९५६ ते १९६४ या काळात मुख्य मनोरा पूर्णपणे सुटा करण्यात आला. प्रत्येक तुळई, खांब व कौल यांची नोंद करून तपासणी झाली, कुजलेले भाग बदलले गेले आणि उरलेले मूळ जागी परत बसवले गेले. जमीन खचल्याने मनोरा आग्नेयेकडे कलला होता. म्हणून त्याखाली काँक्रीटचा नवा पाया घालण्यात आला.

या कामात सर्वांत कठीण प्रश्न पश्चिम महास्तंभाचा होता. तो आतून कुजला होता आणि त्याच्या जागी बसेल इतके उंच व सरळ झाड मिळणे दुरापास्त होते. बदली म्हणून तोडलेला हिनोकी वृक्ष वाहतुकीत मोडला. अखेर दोन हिनोकी वृक्ष तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर सांधून नवा स्तंभ तयार करण्यात आला. त्यांतील एक वृक्ष ह्योगो प्रांतातील कासागाता देवस्थानाच्या आवारातील होता. पूर्वेचा स्तंभ मात्र बुंध्याकडील दुरुस्ती सोडता मूळचाच आहे. मनोऱ्याच्या आत आजही हे दोन स्तंभ शेजारी-शेजारी पाहता येतात.

लाकडी इमारत सुटी करून पुन्हा जोडण्याची ही पद्धत जपानमध्ये जुनी आहे. दगडी वास्तूंना डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेल्या पाश्चात्त्य संकल्पनांनुसार मात्र, भाग बदललेली वास्तू ‘अस्सल’ मानावी का, हा प्रश्न उपस्थित होत असे. हिमेजी व होर्यु-जी मंदिर जागतिक वारसा यादीत आल्यानंतरच्या वर्षी, नोव्हेंबर १९९४ मध्ये, नारा येथे झालेल्या परिषदेत अस्सलपणाविषयीचा ‘नारा दस्तऐवज’ संमत झाला. वास्तूचा अस्सलपणा केवळ मूळ द्रव्यावर न ठरवता रचना, तंत्र, परंपरा आणि संबंधित संस्कृतीची मूल्ये यांच्या आधारेही ठरवावा, अशी भूमिका त्यात मांडलेली आहे.

१७ जानेवारी १९९५ च्या हानशिन महाभूकंपात कोबे शहराची प्रचंड हानी झाली, पण हिमेजी किल्ल्याचे विशेष नुकसान झाले नाही. ऑक्टोबर २००९ ते मार्च २०१५ या काळात ‘हेइसेइ जीर्णोद्धार’ झाला. त्यात मुख्य मनोऱ्याची सुमारे ७५,००० कौले उतरवून पुन्हा बसवण्यात आली, गिलावा नव्याने करण्यात आला आणि भूकंपरोधक मजबुती देण्यात आली. मनोऱ्याभोवती उभारलेल्या तात्पुरत्या आच्छादनात २०११ ते २०१४ दरम्यान एक दर्शनदालन होते. तेथून कारागिरांचे काम जवळून पाहता येई. २७ मार्च २०१५ रोजी मनोरा पुन्हा खुला झाला, तेव्हा तो इतका पांढरा दिसत होता की ‘शिरासागी’ या नावावर कोटी करून लोक त्याला ‘शिरोसुगी-जो’ म्हणजे ‘फारच पांढरा किल्ला’ म्हणू लागले. गिलाव्यावर बुरशी धरून तो हळूहळू काळवंडतो. त्यामुळे शतकानुशतके लोकांनी पाहिलेला किल्ला बहुतांश काळ थोडा करडाच असला पाहिजे.

## दंतकथा

ओकिकूची विहीर: आवारातील एका विहिरीशी ओकिकू या दासीची कथा निगडित आहे. दहा मौल्यवान ताटांपैकी एक हरवल्याचा खोटा आळ घेऊन तिला ठार मारून विहिरीत टाकण्यात आले आणि रात्री विहिरीतून एक ते नऊ ताटे मोजण्याचा आवाज येऊ लागला, अशी ती कथा आहे. तिच्यावर आधारित ‘बान्शु सारायाशिकी’ हे कठपुतळी-नाटक १७४१ मध्ये रंगभूमीवर आले. अशाच कथा जपानमध्ये इतरत्रही सांगितल्या जातात.

म्हातारीचे जाते: हिदेयोशीच्या मनोऱ्यासाठी दगड कमी पडत असल्याचे ऐकून एका गरीब म्हातारीने आपल्या जात्याची तळी दिली आणि ते पाहून इतरांनीही दगड आणून दिले, असे सांगतात. तटातील एक दगड जाळी लावून ‘म्हातारीचा दगड’ म्हणून दाखवला जातो.

मुख्य सुतार: मनोरा थोडा कलला असल्याचे पत्नीच्या बोलण्यातून कळल्यावर मुख्य सुतार साकुराई गेनबेइ याने आत्महत्या केली, अशी आख्यायिका आहे. मनोरा कललेला होता हे शोवा जीर्णोद्धारात दिसून आले, परंतु त्याचे कारण सुताराची चूक नसून खचलेली जमीन हे होते.

## परिसरातील सांस्कृतिक स्थळे

### कोको-एन

किल्ल्याच्या नैर्ऋत्येस, खंदकापलीकडे सुमारे ३.५ हेक्टर जागेवर हे उद्यान आहे. सरदाराचा पश्चिमेकडील वाडा व सामुराईंची घरे असलेल्या जागी उत्खनन झाल्यानंतर हिमेजी शहराच्या शताब्दीनिमित्त ते १९९२ मध्ये उभारण्यात आले. जुन्या भिंती व गल्ल्यांच्या आखणीनुसार विभागलेल्या नऊ बागा त्यात आहेत. तळे व धबधबा असलेली मुख्य बाग, पाइन वृक्षांची बाग, बांबूची बाग आणि चहाची बाग या त्यांपैकी काही होत. चहागृहात जपानी चहाविधीचा अनुभव घेता येतो.

### एंग्यो-जी

शहराच्या वायव्येस ३७१ मीटर उंचीच्या शोशा पर्वतावर हे तेंदाई पंथाचे बौद्ध मंदिर आहे. शोकु या भिक्षूने इ.स. ९६६ मध्ये त्याची स्थापना केली. पश्चिम जपानमधील अवलोकितेश्वराच्या ३३ स्थानांच्या यात्रेत त्याचा २७ वा क्रमांक आहे. डोंगरउतारावर लाकडी खांबांच्या आधारे उभे असलेले मानीदेन सभागृह १९२१ मधील आगीनंतर १९३३ मध्ये पुन्हा बांधण्यात आले. त्याच्या पुढे दाट वनराईत महाव्याख्यानगृह, भोजनगृह आणि साधनागृह या तीन मोठ्या लाकडी इमारती एका मोकळ्या अंगणाच्या तीन बाजूंना आहेत. १५७८ मध्ये हिदेयोशीने या डोंगरावर सैन्याचा तळ ठोकला होता. होन्दा घराण्याची समाधिस्थळेही येथे आहेत. ‘द लास्ट सामुराई’ (२००३) या चित्रपटाचे काही चित्रीकरण येथे झाले. पायथ्यापासून रोपवेने किंवा जुन्या यात्रामार्गाने चढून जाता येते.

### संग्रहालये

- ह्योगो प्रांतीय इतिहास संग्रहालय: किल्ल्याच्या ईशान्येस असलेले हे संग्रहालय १९८३ मध्ये सुरू झाले. इमारतीची रचना वास्तुविशारद केन्झो तांगे यांची आहे. जपानी किल्ल्यांची प्रतिरूपे हे येथील आकर्षण आहे.
- हिमेजी नगर कलासंग्रहालय: लाल विटांची ही इमारत मूळची लष्करी कोठार होती. युद्धानंतर ती नगर प्रशासनाचे कार्यालय झाली आणि १९८३ पासून कलासंग्रहालय आहे.
- हिमेजी साहित्य संग्रहालय: १९९१ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाची रचना तादाओ आंदो यांनी केली. हिमेजीत जन्मलेले तत्त्वज्ञ वात्सुजी तेत्सुरो यांच्यासह या भागातील लेखकांविषयीची माहिती येथे मिळते.

### स्मारके व देवस्थाने

किल्ल्याच्या पश्चिमेस ओतोकोयामा टेकडीवर सेनहिमेने स्थापन केलेले तेन्जिन देवस्थान आहे. पश्चिम आवारातील लांब मार्गिकेतून ती या देवस्थानाच्या दिशेने प्रार्थना करी, असे सांगतात. नागोयामा स्मशानभूमीत एक पांढरा स्तूप आहे. भारताचे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी भेट दिलेले बुद्धाचे अवशेष त्यात ठेवलेले आहेत. रेल्वे स्थानकाच्या नैर्ऋत्येस तेगारायामा टेकडीवर दुसऱ्या महायुद्धातील हवाई हल्ल्यांत जपानभर मरण पावलेल्या नागरिकांचे स्मारक आहे. १९५६ मध्ये उभारलेल्या या स्मारकाचा आकार जमिनीत रोवलेल्या तलवारीसारखा आहे. किल्ला वाचला, पण शहर वाचले नाही, ही हिमेजीच्या इतिहासाची दुसरी बाजू येथे समजते.

### उत्सव, हस्तकला व खाद्यपदार्थ

दरवर्षी १४ व १५ ऑक्टोबरला शिराहामा भागातील मात्सुबारा हाचिमान देवस्थानाचा ‘नादा-नो-केनका’ उत्सव होतो. त्यात खांद्यावर वाहिलेल्या पालख्या एकमेकींवर आदळवल्या जातात. कातडी कमावण्याचा उद्योग या भागात जुना आहे. पूर्वी चिलखते बनवणाऱ्या म्योचिन घराण्यातील कारागिरांनी पुढे निखारे उचलण्याच्या लोखंडी काड्या बनवण्यास सुरुवात केली. आता याच काड्यांपासून मंजुळ नाद करणाऱ्या वायुघंटा तयार होतात. आले घातलेल्या सोया सॉससोबत खाल्ला जाणारा ओदेन हा स्थानिक पदार्थ प्रसिद्ध आहे.

## पर्यटन

हिमेजी स्थानक सान्यो शिंकान्सेन मार्गावर आहे. शिन-ओसाकाहून शिंकान्सेनने सुमारे अर्धा तास, तर ओसाकाहून साध्या जलद गाडीने सुमारे एक तास लागतो. स्थानकाच्या उत्तर दरवाजातून निघणारा ओतेमाए मार्ग थेट किल्ल्याकडे जातो. हे सुमारे एक किलोमीटरचे अंतर १५ ते २० मिनिटांत पायी पार करता येते. शोशा पर्वताच्या रोपवेपर्यंत स्थानकावरून बसने सुमारे अर्धा तास लागतो.

किल्ला साधारणतः सकाळी ९ ते सायंकाळी ५ पर्यंत खुला असतो आणि प्रवेश एक तास आधी बंद होतो. २९ व ३० डिसेंबर रोजी तो बंद असतो. मुख्य मनोऱ्यात पादत्राणे काढून हातात घ्यावी लागतात. जिने अतिशय उभे आहेत व वर जाण्यासाठी लिफ्टची सोय नाही. तिसरे आवार मात्र विनाशुल्क खुले असून तेथून मनोऱ्याचे संपूर्ण दर्शन होते. एप्रिलच्या सुरुवातीस चेरीच्या बहरात येथे सर्वाधिक गर्दी असते.

जीर्णोद्धारानंतरच्या २०१५-१६ या आर्थिक वर्षात सुमारे २८ लाख ६० हजार लोकांनी किल्ल्याला भेट दिली. वाढती गर्दी आणि देखभालीचा खर्च यांमुळे प्रवेशशुल्काचा प्रश्न चर्चेत आला. २०२४ मध्ये शहराच्या महापौरांनी परदेशी पर्यटकांकडून अधिक शुल्क घेण्याची कल्पना मांडली, तेव्हा तिच्यावर जपानमध्ये बरीच चर्चा झाली. अखेर राष्ट्रीयत्वाऐवजी रहिवासाच्या आधारे फरक करण्याचे ठरले. मार्च २०२६ पासून हिमेजीच्या प्रौढ रहिवाशांसाठी १,००० येन, इतर प्रौढांसाठी २,५०० येन आणि १८ वर्षांखालील सर्वांना मोफत प्रवेश, अशी रचना निश्चित करण्यात आली.

## इतर माहिती

- फ्रान्समधील शांतिई किल्ल्याशी १९८९ मध्ये आणि वेल्समधील कॉन्वी किल्ल्याशी २०१९ मध्ये हिमेजी किल्ल्याचे भगिनी-किल्ला म्हणून नाते जोडण्यात आले.
- जेम्स बाँड चित्रपटमालिकेतील ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ (१९६७) तसेच अकिरा कुरोसावा यांचे ‘कागेमुशा’ (१९८०) व ‘रान’ (१९८५) या चित्रपटांचे काही चित्रीकरण येथे झाले.
- सेनहिमे व तादातोकी यांची मुलगी कात्सुहिमे हिचा विवाह इकेदा तेरुमासाचा नातू मित्सुमासा याच्याशी झाला. त्यांचा मुलगा त्सुनामासा याने ओकायामा येथे कोराकु-एन हे उद्यान तयार करवले. पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान, अर्थात पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, याच कोराकु-एनच्या धर्तीवर उभारलेले आहे.

## हेही पाहा

- जपानमधील जागतिक वारसा स्थळे
- तोकुगावा इएयासू
- तोयोतोमी हिदेयोशी
- होर्यु-जी
- पु. ल. देशपांडे उद्यान